गाण्याचा धनी कोण ?



मागील वर्षीं माझ्या घरीं एक प्रसंग घडला, आणि आजच्या माझ्या भाषणाचें निमित्त तोच आहे. प्रसंग अगदीं घरगुती असल्यामुळें तो चारचौघांत सांगावा कीं नाहीं याचा मला संकोच वाटत होता. परंतु त्यांतून जो प्रश्न उभा राहिला तो आतां घरोघरचा झाला आहे, म्हणून सांगतों.

माझी पत्नी वारली त्यास वर्ष पुरें होत आलें होतें. वर्षश्राद्धाच्या दिवशीं तिचीं छायाचित्रें एकत्र गुंफून एक चित्रफीत तयार करावी, म्हणजे परगांवीं असलेल्या नातवंडांनाहि आजी पाहतां येईल, असें माझ्या मुलीच्या मनांत आलें. मुदखेडांत माझाच एक जुना विद्यार्थी छायाचित्रांचा स्टुडिओ चालवितो. लग्न, साठीशांत, नोकरींतील निरोपसमारंभ, पुण्यतिथि, अशा प्रसंगांच्या चित्रफिती करून देणें हा त्याचा चरितार्थ. त्यानें ठरलेले पैसे घेतले आणि काम मन लावून केलें. स्वयंपाक करतां करतां जें एक भावगीत ती नेहमीं गुणगुणत असे, त्याची प्रसिद्ध ध्वनिमुद्रिका त्यानें चित्रांच्या पाठीशीं घातली. सायंकाळीं ती चित्रफीत इंटरनेटवर चढविली. रात्रीं मुलीचा फोन आला, "बाबा, आई दिसते आहे, पण गाणें कांहीं ऐकूं येत नाहीं." पाहतों तों चित्रें एकामागून एक मुकाट्यानें सरकत होतीं, आणि हक्कदाराच्या मागणीवरून ध्वनि बंद केला आहे, अशा अर्थाची एक ओळ तेथें उमटली होती.

मला फार संताप आला, हें मी लपवीत नाहीं. मेलेल्या माणसाच्या आठवणीवरहि जकात बसविणारा हा कोण, असें मी तोंडानें बोलूनहि गेलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो विद्यार्थी घरीं आला. हातांत नोटांची घडी होती. तो म्हणाला, "गुरुजी, हे पैसे परत घ्या. पण मला एवढें सांगा, मीं चोरी केली का ? चौथींत असतांना दुसऱ्याच्या पाटीवरचें गणित उतरून घेतल्याबद्दल तुम्हीं मला तासभर उभें केलें होतें." त्याच्या या प्रश्नास माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. मी कायदेपंडित नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना शिकविलेला एक मास्तर आहें. परंतु विद्यार्थ्यानें विचारलेला प्रश्न अनुत्तरित ठेवण्याची मला संवय नाहीं. म्हणून शोध घेऊं लागलों, आणि घेतां घेतां असें दिसून आलें कीं, हा प्रश्न वकिलांच्या हातीं जाण्याच्या पुष्कळ आधींपासून चालत आलेला आहे.

आपल्या पूर्वजांना गाण्याची मालकी ही कल्पनाच ठाऊक नव्हती, असें आपण मोठ्या अभिमानानें सांगतों. तें अर्धेंच खरें आहे. आपल्या संतांनीं अभंगाच्या शेवटच्या चरणांत आपलें नांव गुंफण्याची चाल पाडली. नामदेवांनीं नाम्याचें, जनाबाईंनीं जनीचें, तुकोबांनीं तुक्याचें. शाहिरांनींहि लावणीच्या आणि पोवाड्याच्या अखेरीस तेंच केलें. त्या काळीं मोल कोणी मागत नसे. परंतु ही रचना कोणाची, हें विसरूं देण्यास कोणी तयार नव्हता. एकाच्या अभंगांत दुसऱ्यानें आपलें नांव घातलें तर वारकरी मंडळी त्यास नांवें ठेवीत. श्रेयाचा हक्क आपल्याकडे होता. मोबदल्याचा हक्क नव्हता, कारण कवीच्या अन्नवस्त्राची चिंता देवस्थान, दरबार किंवा गांव वाहत असे.

आमच्या शेजारच्या उमरी तालुक्यांत गोरटें म्हणून गांव आहे. संतकवि दासगणु महाराज यांच्यामुळें त्या गांवाचें नांव महाराष्ट्रभर झालें. १८६८ सालीं जन्मलेल्या या कीर्तनकारानें शेंकडों पदें आणि आख्यानें रचलीं. शिर्डीच्या नित्य आरत्यांतहि त्यांच्या रचना आहेत. त्या गातांना कोणी परवानगी मागितली नाहीं आणि त्यांनींहि कोणास अडविलें नाहीं. अशा परंपरेंत वाढलेल्या आम्हां लोकांना गाण्यावरची मालकी चमत्कारिक वाटावी, यांत नवल नाहीं.

मग ही मालकी आली कोठून ? यासाठीं थोडें परदेशांत डोकावलें पाहिजे. १८४७ सालीं पॅरिस शहरांत एर्नेस्ट बूर्झे नांवाचा एक गीतरचनाकार एका उपाहारगृहांत बसला होता. तेथें वाद्यवृंद त्याचेंच गीत वाजवीत होता आणि तें ऐकावयास गिऱ्हाइकांची गर्दी जमली होती. बिल पुढें येतांच बूर्झे म्हणाला, "तुम्ही माझें गाणें फुकट वापरतां, तर मीहि तुमचें पेय फुकट घेतों !" प्रकरण न्यायालयांत गेलें आणि निकाल बूर्झेच्या बाजूनें लागला. त्यांतूनच १८५१ सालीं तेथील रचनाकारांची संस्था उभी राहिली, आणि गाणें वाजविणाऱ्याकडून अल्पशी रक्कम घेऊन ती रचणाऱ्यांत वांटण्याची पद्धति रूढ झाली. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, बूर्झेनें घरीं गुणगुणणाऱ्या गृहिणीकडे पैसे मागितले नव्हते. ज्याचा गल्ला त्याच्या गाण्यानें भरत होता, त्याच्याकडेच त्यानें मागितले.

आपल्याकडे हा प्रश्न ग्रामोफोनबरोबर आला. १९०२ सालीं इंग्रज कंपनीचे लोक कलकत्त्यास आले आणि त्यांनीं गौहरजानचा आवाज मुद्रित केला. या तबकड्या जर्मनींतील हानोव्हर येथें तयार होऊन येत. गाणें संपतांच गौहरजान इंग्रजींत आपलें नांव उच्चारी. हें नांव परदेशांतील कारागिरांना तबकडी ओळखतां यावी म्हणून घेण्यांत येई असें सांगतात. पण मला तें ऐकून अभंगांतील नाममुद्रेचीच आठवण होते. फरक एवढाच कीं, गाणें आतां गळ्यांतून निघून लाखेच्या तबकडींत शिरलें होतें, आणि तबकडी ही विकतां येण्यासारखी वस्तु होती.

ज्या वर्षीं खाडिलकरांचें 'मानापमान' रंगभूमीवर आलें आणि गोविंदराव टेंबे यांच्या चालींनीं महाराष्ट्र वेडा झाला, त्याच वर्षीं, म्हणजे १९११ सालीं, विलायतेंत स्वामित्वहक्काचा नवा कायदा झाला. त्यावरून १९१४ सालीं हिंदुस्थानासाठीं कायदा करण्यांत आला. त्यानें शब्दांच्या कर्त्यास आणि चालीच्या कर्त्यास हक्क दिला. ध्वनिमुद्रिकेचा हक्क मात्र ज्याच्या मालकीची मूळ तबकडी त्याचा ठरला. ज्याच्या गळ्यांतून तें गाणें निघालें, त्या गवयाचें नांव कायद्यांत कोठेंच नव्हतें. तो आपली बिदागी घेऊन घरीं जाई, आणि तबकडी पुढें वर्षानुवर्षें खपत राही.

त्या काळीं आमचें मुदखेड निजामाच्या राज्यांत होतें. ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा तेथें आपोआप लागू नव्हता. परंतु मनमाडहून हैदराबादेकडे जाणारी आगगाडी आमच्या गांवावरून जात असे, आणि गाणें कायद्याच्या आधीं आगगाडींत बसून येतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान मुक्त झालें. पुढें भारताच्या संसदेनें १९५७ सालीं स्वामित्वहक्काचा स्वतंत्र कायदा केला. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलांत आला आणि मुदखेडच्या भजनी मंडळास व मुंबईच्या चित्रपटकंपनीस एकच नियम लागू झाला.

कायदा आला, तरी कलावंताची दैना सरली नाहीं. लावणीचा बादशहा म्हणून ज्यास महाराष्ट्रानें डोक्यावर घेतलें, ते पठ्ठे बापूराव १९४५ सालीं पुण्यांत विपन्नावस्थेंत वारले. त्यांच्या लावण्या गाऊन किती फड चालले ! 'गाणें सर्वांचें असतें' हें वाक्य ऐकावयास गोड आहे. पण तें गाणें रचणाराचें पोट मात्र त्याचें एकट्याचें असतें, हें आपण विसरलों.

चित्रपटांच्या काळांत हा वाद अधिक पेटला. १९६० नंतरच्या दशकांत लता मंगेशकर यांनीं असा आग्रह धरला कीं, गीताच्या विक्रींतून पार्श्वगायकांसहि वांटा मिळाला पाहिजे. महंमद रफी यांचें मत निराळें होतें. एकदां बिदागी घेतली कीं आपला हक्क संपला, असें त्यांस वाटे. या मतभेदापायीं हे दोन थोर गायक कांहीं वर्षें एकत्र गाईले नाहींत. १९६९ सालीं गीतकार-संगीतकारांच्या हक्कांसाठीं इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी स्थापन झाली. परंतु १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, निर्मात्यानें पैसे देऊन चित्रपटासाठीं गीत किंवा चाल करून घेतली असेल, आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक निर्माताच होय. त्याच निकालास न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं एक टीप जोडली. आपल्या देशांत संगीताचा प्राण गाणाऱ्याच्या गळ्यांत असतो, आणि कायद्याच्या व्याख्येंत त्या गळ्यास स्थानच नाहीं, ही उणीव त्यांनीं संसदेपुढें मांडली.

ती उणीव भरून निघण्यास बराच काळ लागला. १९९४ च्या दुरुस्तीनें गायक-वादकांना त्यांच्या प्रयोगावर हक्क मिळाला. २०१२ सालीं, राज्यसभेचे सदस्य असलेले कवि जावेद अख्तर यांनीं ज्यासाठीं हिरिरीनें बाजू मांडली, ती दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर गीताचा जो उपयोग होतो त्याच्या उत्पन्नांतील गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वांटा आतां त्यांजकडून करारानेंहि लिहून घेतां येत नाहीं. ज्या हक्कावर मी त्या रात्रीं संतापलों होतों, तो हक्क अशा लोकांनीं शतकभर भांडून मिळविला होता, हें मला या वाचनानें कळलें. मग माझा संताप बराच निवला.

आतां माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळतों. एका गाण्यावर निदान तीन निरनिराळे हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रिकेचा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षें होती. १९४१ सालीं वारलेल्या रवींद्रनाथांचे हक्क १९९१ च्या अखेरीस संपूं लागले, तेव्हां ती दहा वर्षांनीं वाढविण्यांत आली. ध्वनिमुद्रिकेचा हक्क ती प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षें चालतो. हा हिशोब वर्षाअखेरीस पुरा होतो, आणि मास्तरास हिशोब करावयास आवडतात, म्हणून कांहीं करून दाखवितों.

खाडिलकर १९४८ सालीं वारले. त्यांच्या पदांच्या शब्दांवरील हक्क २००८ च्या अखेरीस संपला. टेंबे १९५५ सालीं वारले. त्यांच्या चाली २०१५ नंतर मोकळ्या झाल्या. म्हणजे 'मानापमाना'तील पद आज कोणीहि स्वतः गाऊन वापरावें. मात्र तेंच पद एखाद्या गायकानें पंधरा वर्षांपूर्वी गाऊन प्रसिद्ध केलें असेल, तर ती मुद्रिका मोकळी नाहीं. आमचे दासगणु १९६२ सालीं समाधिस्थ झाले. त्यांनीं हयातींत प्रसिद्ध केलेलीं पदें २०२३ च्या आरंभापासून सर्वांचीं झालीं. उलट, पुणें आकाशवाणीवरून १९५५ च्या रामनवमीस सुरू झालेल्या 'गीतरामायणा'चा विचार करा. कवि माडगूळकर १९७७ सालीं आणि संगीतकार सुधीर फडके २००२ सालीं गेले. त्या ५६ गीतांचे शब्द २०३७ च्या अखेरपर्यंत, तर चाली २०६२ च्या अखेरपर्यंत बांधलेल्या आहेत. संतांच्या अभंगांचे शब्द कधींचेच मोकळे. पण एखाद्या आधुनिक संगीतकारानें त्यांस दिलेली चाल आणि त्याची मुद्रिका मोकळी असेलच असें नाहीं. पुष्कळ जण येथेंच फसतात.

लोकांच्या मनांत आणखीहि कांहीं समजुती रुजल्या आहेत. अर्ध्या मिनिटाचा तुकडा घेतला तर चालतें, असें म्हणतात. तसा कोणताहि नियम आपल्या कायद्यांत नाहीं. खालीं गायकाचें नांव दिलें म्हणजे भागतें, असेंहि म्हणतात; नांव देणें सभ्यपणाचें आहे, पण तेवढ्यानें परवानगी मिळत नाहीं. बाजारांतून पैसे देऊन गाणें विकत घेतलें, तर तें ऐकण्याचा हक्क मिळतो. चित्राशीं जोडून त्याची नवी चित्रफीत करण्याचा नव्हे. १९८४ च्या दुरुस्तीपासून व्हिडिओ-चित्रफितीसहि चित्रपटाचेच नियम लागतात. तिच्यासाठीं शब्द व चाल यांच्या धन्याची आणि मुद्रिकेच्या धन्याची, अशी दुहेरी परवानगी लागते. घरच्या माणसांनीं घरांतल्या घरांत, खाजगी उपयोगासाठीं केलेल्या गोष्टीस कायदा पुष्कळ मोकळीक देतो. परंतु पैसे घेऊन चित्रफीत करणारा धंदेवाला त्या आडोशास उभा राहूं शकत नाहीं. आणि चित्रफीत इंटरनेटवर गेली, कीं ती घरांतलीहि राहत नाहीं.

"पण लग्नाला तर सूट आहे ना, गुरुजी ?" असें माझ्या विद्यार्थ्यानें विचारलें होतें. आहे. धार्मिक विधींत गाणें सादर केलें किंवा वाजविलें तर तो हक्कभंग होत नाहीं, आणि या विधींत लग्नाची वरात व लग्नाशीं निगडित समारंभ धरावे, असें कायद्यांतच म्हटलें आहे. ही सूट कोठवर ताणावी यावर मोठा वाद झाला. २०२३ च्या जुलैंत केंद्र सरकारनें या सवलतीची आठवण देणारी सूचना काढली. २०२४ च्या जानेवारींत गोवा सरकारनें त्याच धर्तीवर परिपत्रक काढलें. परंतु हें परिपत्रक कायद्याच्या कक्षेबाहेर जातें असें ठरवून मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानें ऑगस्ट २०२४ मध्यें तें रद्द केलें. शिवाय सूट आहे ती समारंभांत गाणें वाजविण्यास. त्या गाण्याची चित्रफीत करून विकण्याबद्दल त्या कलमांत अवाक्षर नाहीं. आणि निरोपसमारंभ किंवा वाढदिवस यांचें तर त्यांत नांवहि नाहीं.

आमचें मुदखेड फुलांसाठीं प्रसिद्ध आहे, म्हणून फुलांचाच दाखला देतों. देवपूजेसाठीं शेजाऱ्याच्या कुंपणावरचीं चार फुलें कोणी तोडलीं, तर आमच्याकडे त्यास कोणी चोर म्हणत नाहीं. पण हार विकणाऱ्यानें परडी घेऊन दुसऱ्याच्या मळ्यांत शिरावें, आणि "हार देवालाच घालावयाचा आहे" असें म्हणावें, तर मळेवाला त्यास सोडील काय ? हार देवाला जावो कीं प्रेताला जावो, पहाटे उठून फुलें खुडणाऱ्याची मजुरी सुटत नाहीं. माझ्या विद्यार्थ्यानें मजुरी घेतली होती. मींहि ती दिली होती. ज्याच्या गाण्यानें त्या चित्रांत प्राण येणार होता, त्याचा विचार मात्र आम्हां दोघांच्याहि मनांत आला नव्हता.

याचा अर्थ कायदा सर्वथा निर्दोष आहे, असें नव्हे. सभागृहांत गाणें वाजविण्याचा परवाना निराळा आणि गाणें चित्राशीं जोडण्याचा परवाना निराळा. हा दुसरा परवाना मोठा निर्माता मिळवूं शकतो. तालुक्याच्या गांवांतील स्टुडिओवाल्यानें एका पुण्यतिथीसाठीं दोन-तीन धन्यांचा पत्ता काढावा कसा, आणि त्यांनीं त्याच्या पत्रास उत्तर द्यावें कशाला? रास्त आणि ठराविक फी भरून लहान कामासाठीं परवानगी मिळेल, अशी एखादी खिडकी असावयास पाहिजे. ज्या दारास कडीच नाहीं, तें ठोठावलें नाहीं म्हणून माणसास चोर ठरविणेंहि न्यायाचें नव्हे. हें गाऱ्हाणें खरें आहे आणि तें मांडीत राहिलें पाहिजे.

मीं विद्यार्थ्यास बोलावून हें सारें सांगितलें. म्हटलें, "बाळ, पाटी पाहून लिहिलेंस हें खरें, पण या वेळीं ती पाटी मींच तुझ्यापुढें धरली होती. पैसे परत नकोत. चित्रफीत पुन्हां कर." त्यानें आमच्या भागांतील एका भजनी मंडळास गांठलें. जनाबाईंचा एक अभंग त्या मंडळींनीं पेटी-पखवाजावर, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या वहिवाटीच्या चालीवर गाइला. गाणें होतांच विद्यार्थ्यानें मंडळाच्या बुवांपुढें पैसे ठेवले आणि परवानगीच्या कागदावर सही मागितली. बुवा संकोचले; म्हणाले, "बाईंसाठीं गाइलों, त्याचे पैसे कसले घ्यावयाचे ?" त्यावर विद्यार्थी म्हणाला, "बुवा, मी त्यांच्याचसाठीं चित्रें जोडलीं आणि पैसे घेतले. मला चालतात, तर तुम्हांस कां चालूं नयेत ?" बुवांनीं पैसे घेतले. चित्रफितीच्या शेवटीं त्या मंडळाचें आणि प्रत्येक टाळकऱ्याचें नांव आहे.

तिचें आवडतें भावगीत त्या चित्रफितींत नाहीं, याची हळहळ मला आहे. तें मी घरीं एकटा असतांना लावतों. त्यास कोणाची ना नाहीं. परंतु नातवंडांना आतां आजी दिसते आणि गाणेंहि ऐकूं येतें. त्या आवाजांत एक वृद्ध टाळकरी मध्येंच खोकतो, तो खोकला माझ्या विद्यार्थ्यानें काढून टाकलेला नाहीं. आपल्यापैकीं कोणी अशी चित्रफीत करून घेणार असेल, तर चित्रें निवडण्याच्या आधीं एवढें विचारावें : हें गाणें कोणाचें, आणि त्यास त्याचें कांहीं पोंचणार आहे कीं नाहीं ?